एसटीने चिखलदरा आणि मेळघाट: सॅक घेऊन निघणाऱ्यांसाठी

चिखलदऱ्याचा बेत नेहमी शेवटाकडून आखावा. डोंगरावरून परतवाड्याला उतरणारी शेवटची एसटी किती वाजता सुटते, हे आधी विचारून घ्यावे आणि मग त्या वेळेपासून मागे मागे येत मुक्काम, गड, जंगल आणि वर नेणारी गाडी यांची मांडणी करावी. स्वतःचे वाहन घेऊन जाणाऱ्याला हे बंधन जाणवत नाही. सॅक पाठीवर टाकून सार्वजनिक वाहनाने निघणाऱ्याचा मात्र सगळा प्रवास या एका वेळेवर उभा असतो. तरीही या डोंगरांची ओळख करून घ्यायला एसटीसारखे वाहन नाही, असे माझे ठाम मत आहे. ती गावोगाव थांबते, आणि इथली माणसे तिच्यातूनच बाजाराला, दवाखान्याला आणि शाळेला जातात.

चिखलदरा हे अमरावती जिल्ह्यातले, सातपुड्याच्या गाविलगड रांगेवर सुमारे १,१०० मीटर उंचीवर वसलेले छोटेसे गाव आहे. विदर्भाचे थंड हवेचे ठिकाण म्हणून ते ओळखले जाते. भीमाने कीचकाला मारून त्याचा देह इथल्या दरीत टाकला, म्हणून कीचकदरा आणि त्यावरून चिखलदरा, अशी कथा गावात सांगितली जाते, आणि भीमकुंड तीच आठवण सांगते. गावाला लागूनच मेळघाट व्याघ्र प्रकल्प आहे. देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी हे एक असून, आज त्याचा गाभा सुमारे १,५०० चौरस किलोमीटर आणि सभोवतालचे क्षेत्र धरून एकूण विस्तार २,७०० चौरस किलोमीटरहून अधिक आहे. खंडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार या नद्या या जंगलातून वाहत जाऊन तापीला मिळतात. प्रवाशाने हा भूगोल नकाशावर एकदा नीट पाहून ठेवावा, कारण चिखलदरा पठाराच्या काठावर आहे आणि सेमाडोह, कोलकास, हरिसाल ही जंगलातली ठिकाणे परतवाडा–धारणी या वेगळ्या रस्त्यावर आहेत. दोन्हीकडे जायचे असल्यास दोन स्वतंत्र एसटी प्रवास धरावे लागतात. केवळ अंतर पाहून दोन्ही एका दिवसात उरकण्याचा बेत करणारे बहुतेक जण अर्धा दिवस थांब्यावर बसून काढतात.

मुंबई–हावडा लोहमार्गावरील बडनेरा जंक्शन हे या प्रवासाचे दार आहे. मुंबईहून थेट अमरावतीपर्यंत येणारी रात्रीची गाडीही आहे. ती मिळाली तर उत्तम, पण नाही मिळाली तरी बडनेऱ्याला उतरून शहर बसने किंवा ऑटोने अमरावतीच्या मध्यवर्ती बसस्थानकावर पोहोचायला वेळ लागत नाही. तिथून परतवाड्याच्या गाड्या दिवसभर सुटत असतात. वलगाव, आसेगाव पूर्णा असे करत सुमारे ५० किलोमीटरचा हा टप्पा सपाट मैदानातून जातो. दोन्ही बाजूंना कापूस आणि तूर असते, आणि परतवाड्याच्या जवळ आल्यावर संत्र्याच्या बागा लागतात. जुन्या प्रवासवर्णनांत मूर्तिजापूरहून अचलपूरला येणाऱ्या 'शकुंतला' या नॅरोगेज गाडीचा आणि अकोल्याहून अकोटमार्गे मेळघाट ओलांडून खंडव्याला जाणाऱ्या मीटरगेज गाडीचा उल्लेख आढळतो. या दोन्ही गाड्या आता बंद आहेत, म्हणून त्यांच्या भरवशावर मार्ग ठरवू नये. वाटेतल्या धूळघाटाचे वेटोळे वळण घेत जाणारी मीटरगेज गाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिची हळहळ आजही वाटते.

परतवाडा हे अचलपूरचे जोडगाव. चिखलदऱ्याची, धारणीची आणि मध्य प्रदेशातल्या बैतूलकडची वाहतूक इथूनच फुटते, म्हणून सगळी चौकशी इथे उतरून करावी. आंतरजालावर सापडणारी वेळापत्रके मी आता फक्त अंदाजासाठी पाहतो. एकदा अशाच एका वेळापत्रकात दिसलेल्या दुपारच्या गाडीवर विसंबून मी जंगलातल्या फाट्यावर तीन तास उभा राहिलो होतो; ती फेरी शाळांना सुट्टी लागल्यापासून बंद होती, हे शेजारच्या चहावाल्याने सांगितले तेव्हा ऊन उतरले होते. तेव्हापासून स्थानकावर पाऊल ठेवताच आधी वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीशी जातो आणि तीन प्रश्न विचारतो: वर जाणारी पुढची गाडी कोणती, वरून येणारी शेवटची गाडी कोणती, आणि मुक्कामी गाडी कुठल्या गावाला जाते.

यातला तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी स्थानकातून निघून शेवटच्या गावात रात्र काढणारी आणि पहाटे तिथून परत निघणारी एसटी. चालक-वाहक त्याच गावात झोपतात. ही गाडी गावकऱ्यांसाठी असते: सकाळी तालुक्याला जाऊन दुपारपर्यंत काम उरकता यावे, हा तिचा हेतू. प्रवाशाला तिचा दुहेरी उपयोग होतो. संध्याकाळी उशिरा परतवाड्याला पोहोचलात तरी तिने डोंगरातल्या गावापर्यंत जाता येते, आणि पहाटे उठण्याची तयारी असेल तर दिवसातली सर्वांत खात्रीची परतीची गाडी तीच असते. मात्र ज्या गावात ती थांबते तिथे आपल्या राहण्याची सोय आधी झालेली असली पाहिजे. रात्री अंधारात उतरून सोय शोधणे या भागात योग्य नाही. गाडीची पाटी वाचताना मार्गाकडेही लक्ष द्यावे. चिखलदऱ्याला परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे जाणारा घाट हा नेहमीचा आणि जवळचा आहे, पण काही गाड्या घटांगकडून वळून येतात, आणि त्या रस्त्याने वेळ अधिक लागतो.

तिकिटाविषयी थोडक्यात सांगतो. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीच्या सर्व प्रकारच्या गाड्यांत निम्मे भाडे पडते, ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास विनामूल्य आहे आणि ६५ ते ७५ या वयोगटाला निम्मी सवलत आहे. वयाचा पुरावा मात्र मूळ स्वरूपात जवळ असावा. लांबून एसटीनेच येणार असाल तर 'आवडेल तेथे प्रवास' हा चार किंवा सात दिवसांचा पास परवडतो का, याचा हिशेब आधी करून पाहावा. केवळ अमरावती–चिखलदरा–सेमाडोह एवढेच फिरायचे असेल तर सुटी तिकिटेच स्वस्त पडतात. वाहकाला देण्यासाठी सुटे पैसे जवळ ठेवावेत. घाटात मोबाइलची रेंज जाते, आणि तिथे मोबाइलवरून पैसे देण्याचा प्रयत्न करत बसणे म्हणजे वाहकाचा आणि मागच्या प्रवाशांचा वेळ घेणे होय.

सॅक ३० ते ४० लिटरची असावी, त्याहून मोठी नको. साध्या एसटीतला वरचा रॅक अरुंद असतो; ६० लिटरची सॅक त्यात बसत नाही, वाटेत ठेवली तर चढणाऱ्या-उतरणाऱ्यांच्या पायात येते, आणि बाजाराच्या दिवशी गाडीत पाय ठेवायलाही जागा नसते. सॅकचे सगळे लोंबते पट्टे आवळून बांधावेत. बाहेर पाण्याची बाटली किंवा चटई अडकवू नये, कारण पहिल्याच वळणावर ती कोणाच्या तरी डोक्यावर पडते. पैसे, ओळखपत्र आणि औषधे यांची वेगळी छोटी पिशवी मांडीवर घ्यावी. स्वयंपाकाचा गॅस किंवा रॉकेल बरोबर आणू नये. ज्वालाग्राही वस्तू एसटीत नेता येत नाहीत आणि जंगलात त्यांचे काही कामही नाही. पावसाळ्यात सॅकच्या आत एक मोठी प्लास्टिकची पिशवी घालून कपडे त्यात ठेवणे हा बाहेरच्या आच्छादनापेक्षा खात्रीचा उपाय आहे, कारण एसटीच्या खिडक्या सगळ्याच घट्ट बसतात असे नाही. हिवाळ्यात स्वेटर आणि कानटोपी वरच्या कप्प्यात ठेवावी. ती पायथ्याला नाही, घाट चढून झाल्यावर लागते.

घाटाचा हा तासाभराहून थोडा अधिक असलेला टप्पा मला या प्रवासातला सर्वांत आवडता वाटतो. परतवाड्याहून निघालेली गाडी बाजार करून परतणाऱ्यांनी भरलेली असते. तेलाचे डबे, मिठाच्या पिशव्या, एखादे नवे घमेले, कोणाच्या पायाशी टोपलीत बांधलेली कोंबडी असे सामान असते, आणि मराठी, हिंदी, कोरकू अशा तिन्ही भाषा एकाच बाकावर ऐकू येतात. धामणगाव गढी मागे पडले की चालक गिअर उतरवतो, इंजिनाचा आवाज जड होतो, आणि प्रत्येक आंधळ्या वळणावर लांब हॉर्न वाजू लागतो. काही वळणांनी खिडकीतून येणारी हवा बदलते. खाली तापलेल्या डांबराचा वास असतो, वर ओल्या पाल्याचा आणि सागाच्या फुटलेल्या पानांचा. ज्यांना गाडी लागते त्यांनी मधल्या भागातली, दरीकडची नव्हे तर डोंगराच्या बाजूची जागा घ्यावी, निघण्यापूर्वी पोटभर खाऊ नये, आणि मोबाइलमध्ये डोके घालू नये. मागच्या चाकावरची जागा शक्यतो टाळावी.

रोख पैसे परतवाड्यातच काढून घ्यावेत. चिखलदऱ्यात बँक आणि एटीएम आहे, परंतु सुट्ट्यांच्या दिवसांत त्यावर विसंबणे बरे नव्हे, आणि सेमाडोहसारख्या ठिकाणी तर रोखीला पर्यायच नाही. औषधे, टॉर्चचे सेल, ओडोमॉससारखे डासांचे मलम, सुका खाऊ हेही इथेच घ्यावे. मेळघाटात हिवतापाचा त्रास आहे, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मच्छरदाणी या गोष्टी ओझे समजू नयेत.

राहण्यासाठी चिखलदऱ्यात पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान, खासगी हॉटेले आणि लहान लॉज असे पर्याय आहेत. आठवड्याच्या मधल्या दिवशी आयत्या वेळी खोली मिळते. शनिवार-रविवारी, विशेषतः श्रावणात आणि १५ ऑगस्टच्या सुमारास, आधी ठरवल्याशिवाय जाऊ नये. त्या दिवसांत खासगी गाड्यांनी घाट इतका तुंबतो की एसटीलाही वर पोहोचायला दुप्पट वेळ लागतो. माझा सल्ला असा की सोमवारी किंवा मंगळवारी वर चढावे. खोली घेताना गरम पाणी मिळते का हे जसे विचारतो, तसे उन्हाळ्यात पाणी मुळात पुरेसे आहे का हेही विचारावे. इतका पाऊस पडणाऱ्या या पठारावर मार्चनंतर पाण्याची टंचाई जाणवते, आणि बादली जपून वापरणे हे पाहुण्याचे कर्तव्य आहे.

चिखलदरा पायी फिरण्याजोगे आहे, हे वाहन नसलेल्या प्रवाशाचे भाग्य. देवी पॉइंट, पंचबोल, भीमकुंड, शक्कर तलाव ही ठिकाणे गावापासून चालत गाठता येतात. ऑटो करून एका दुपारी सगळे पॉइंट 'पाहून' घेण्यापेक्षा दोन ठिकाणे निवडून तिथे बसावे. रस्त्याकडेला कॉफीची झाडे दिसली तर आश्चर्य वाटू देऊ नये. इंग्रजांच्या काळापासून इथे कॉफी होते. गवळी समाजाने आटवलेला खवा इथला खास आहे.

एक पूर्ण सकाळ मात्र गाविलगडासाठी राखावी. बहमनी सुलतान अहमदशाहने १४२५ च्या सुमारास बांधलेला हा किल्ला पुढे वऱ्हाडच्या इमादशाहीचे बळ ठरला आणि त्यानंतर नागपूरकर भोसल्यांकडे आला. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या सैन्याने तो घेतला. त्याचा सहकारी स्टीव्हनसन याच्या तुकडीने जड तोफा डोंगरातून वाट काढत उत्तरेच्या बाजूला ओढून आणल्या होत्या, आणि ज्या घाटाने आपण इंजिनाच्या जोरावर चढून आलो त्याच रांगेत हे काम माणसांनी आणि बैलांनी केले, हे तटावर उभे राहिल्यावर लक्षात येते. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, रघूजी भोसल्यांशी देवगावचा तह झाला. गडाच्या दरवाजावर कोरलेली सिंहशिल्पे आणि गंडभेरुंड जवळ जाऊन पाहावेत. हत्तींना चोचीत आणि पंजांत धरलेला तो दोन तोंडांचा पक्षी सकाळच्या तिरप्या उन्हात स्पष्ट दिसतो. दुपारी वरून ऊन आले की शिल्पाचा उठाव हरवतो आणि दगड सपाट भासू लागतो. तलाव, मशीद, तोफा हे सगळे मोठ्या विस्तारात पसरलेले आहे, त्यामुळे तीन-चार तास आणि माणशी दोन लिटर पाणी धरावे. हा सगळा भाग जंगलाचाच आहे. प्रवेशाच्या ठिकाणी नोंद करावी, एकट्याने आतल्या झुडपात शिरू नये, आणि उजाडल्यानंतर निघून ऊन कलण्यापूर्वी परतावे. गडावर अस्वलांचा वावर असतो, आणि चाहूल न देता जवळ गेलेल्या माणसावर अस्वल वाघापेक्षा लवकर चालून येते. म्हणून झाडीच्या वाटेवर बोलत चालावे.

प्रत्यक्ष जंगलासाठी परतवाड्याला उतरून धारणीची गाडी धरावी आणि सेमाडोहला उतरावे. हा रस्ता व्याघ्र प्रकल्पातून जातो, तरी तो गावांचा रस्ता आहे, म्हणून एसटीने जाण्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. इतर ठिकाणी हात दाखवून एसटी थांबवता येते, पण इथे गावाच्या थांब्याशिवाय मध्येच उतरण्याचा आग्रह धरू नये. गाभा क्षेत्रात पायी फिरायला मनाई आहे. तिथे नोंदणी केलेले वाहन आणि वाटाड्या घेऊनच जावे लागते. सेमाडोह आणि कोलकास इथली वन विभागाची निवासस्थाने त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरून आधी आरक्षित करावीत. दारात जाऊन खोली मिळेल हे गृहीत धरू नये. जिप्सीचा खर्च वाहनामागे असतो, त्यामुळे एकट्याने आलेल्या प्रवाशाने आदल्या संध्याकाळीच निवासस्थानातल्या इतरांशी बोलून जागा वाटून घ्यावी. एका जिप्सीत सहा जण बसतात आणि खर्च बराच हलका होतो.

वाघ दिसेलच या अपेक्षेने मेळघाटात येणाऱ्याची निराशा होण्याचा संभव अधिक आहे. डोंगर तीव्र उताराचे, सागाचे रान दाट, आणि प्राणी पाहायला मोकळी मैदाने थोडी. परंतु सिपनेच्या काठावर गव्यांचा कळप पाण्यावर उतरताना पाहिला की वाघाची आठवण राहत नाही. सांबर, भेकर, रानकुत्री यांचेही हे घर आहे. पक्ष्यांची आवड असणाऱ्यांनी रानपिंगळ्याविषयी वाटाड्याला अवश्य विचारावे. शंभरहून अधिक वर्षे नोंद नसलेला हा लहानसा घुबडवर्गीय पक्षी १९९७ मध्ये नंदुरबारकडे पुन्हा सापडला आणि नंतर मेळघाटातही आढळला. तो दिवसा हिंडतो, त्यामुळे नशिबाने साथ दिली तर सागाच्या निष्पर्ण फांदीवर बसलेला दिसू शकतो. त्याला बोलावण्यासाठी मोबाइलवर आवाज वाजवू नये.

ऋतूचा विचार करता ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ मी सुचवेन: रस्ते कोरडे, दरी स्वच्छ आणि गाड्या वेळेवर. पावसाळ्यात धबधबे आणि धुके यांचे सौंदर्य वेगळेच आहे, परंतु दरडीमुळे किंवा नदीच्या पुरामुळे एसटीच्या फेऱ्या रद्द होतात आणि गाभा क्षेत्रातली सफारी बहुतेक बंद असते. अशा वेळी हाताशी एक दिवस जास्तीचा हवा. उन्हाळ्यात पाणवठ्यांवर प्राणी दिसण्याची शक्यता वाढते. तेव्हा १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम असल्याने काडेपेटी, विडी, सिगारेट हे जंगलाच्या वाटेवर बाहेरसुद्धा काढू नये. एका थोटकामुळे पेटलेला उतार विझवायला वनमजूर आणि गावकरी रात्रभर झाडाच्या फांद्यांनी आग झोडत असतात.

हे डोंगर कोरकूंचे आहेत. त्यांची भाषा मुंडा कुळातली, मराठीपेक्षा अगदी निराळी, आणि नदीचे 'सिपना' हे नावसुद्धा कोरकूतल्या सागाच्या नावावरून आलेले आहे. गावात हिंदी सर्वांना चालते. छायाचित्र घेण्यापूर्वी विचारावे, घराच्या ओसरीत बोलावल्याशिवाय चढू नये, आणि मुलांना गोळ्या-बिस्किटे वाटत फिरू नये. काही द्यायचेच असेल तर शाळेच्या शिक्षकांना भेटून वह्या-पेन द्यावेत. होळी हा कोरकूंचा मोठा सण. त्या दिवसांत कामासाठी बाहेर गेलेली माणसे गावी परततात, गाड्या दाराशी लोंबकळेपर्यंत भरतात, आणि बाहेरच्या प्रवाशाने तेव्हा आपली जागा म्हाताऱ्या-कोताऱ्यांसाठी सोडावी.

परतीच्या दिवशी बडनेऱ्याची गाडी संध्याकाळची असेल तर चिखलदऱ्याहून सकाळच्या पहिल्या किंवा दुसऱ्या एसटीने उतरावे, दुपारच्या नव्हे. घाटात एखादा ट्रक बंद पडला तरी दोन तास जातात. वेळेत परतवाड्याला पोहोचलात तर सॅक स्थानकाजवळच्या ओळखीच्या दुकानात ठेवून जवळच्या मुक्तागिरीला जाऊन येता येते. डोंगराच्या कुशीतली ती जैन मंदिरे आणि त्यांच्यामधून कोसळणारा धबधबा पाहायला अर्धा दिवस पुरतो. अमरावतीत गाडीला अवकाश असेल तर दह्यातला गिला वडा खावा. आणि आदल्या संध्याकाळी, खोलीवर परतण्याआधी, चिखलदऱ्याच्या थांब्यावर उभ्या असलेल्या मुक्कामी गाडीच्या वाहकाला सकाळची वेळ पुन्हा एकदा विचारून घ्यावी. अनेकदा तो 'साडेपाचला या, पुढची जागा ठेवतो' असे म्हणतो, आणि खरोखरच ठेवतो.